रोम म्हणे गर्दीने बुडवलं! (सदाशिवकरांच्या लेखाला उत्तर)

गावकूस
सदाशिवकरांच्या कालच्या लेखावरचं उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सिनेटमधल्या जाणत्यांनी रोम उभं केलं, गर्दीला हक्क दिले आणि घसरण सुरू झाली, जमीनवाटपाचे कायदे आणणारे ग्रॅकस बंधू हे रेवडीवाल्यांचे मूळपुरुष, सबब आपल्याकडेही मत फक्त आयकर भरणाऱ्यांनाच असावं.

अहो, हक्क दिले कुणी? इ.स.पू. ४९४ मध्ये कर्जाने पिचलेले प्लेबियन, म्हणजे उमराव नसलेले सामान्य लोक, लढणारं पायदळच, शहर सोडून डोंगरावर जाऊन बसले. मग सिनेटला वाटाघाटी सुचल्या आणि ट्रिब्यून हे सामान्यांच्या प्रतिनिधीचं पद आलं. त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, आणि तो आडवा आला तर कॉन्सलचा, म्हणजे सर्वोच्च अधिकाऱ्याचाही हुकूम अडणार. ३२६ मध्ये कर्जापायी माणूस बांधून ठेवणं बंद झालं. २८७ मध्ये प्लेबियनांच्या सभेचे ठराव उमरावांनाही लागू झाले. आणि भांडणाच्या या दोनशे वर्षांत रोम बुडालं का? इटली घशात घातली त्यांनी तेवढ्यात! माकियावेली या इटालियन राजकीय विचारवंताने हेच सांगितलंय: बड्यांना हुकूमत गाजवायची असते, सामान्यांना ती आपल्यावर नको असते एवढंच, म्हणून स्वातंत्र्याची राखण सामान्यांकडे द्या.

ट्रिब्यून असलेल्या टायबेरियस ग्रॅकसने १३३ मध्ये मागितलं काय, तर सरकारी जमीन ५०० युगेरांच्या (जमिनीचं रोमन माप) वर कुणी बळकावू नये. कायदा जुनाच होता. त्याला आणि तीनशेवर साथीदारांना लाकडं-दगडांनी ठेचून मारलं ते तुमच्या जाणत्यांनी.

सदाशिवकर
अर्धीच गोष्ट सांगायची ही तुमची जुनी खोड. ऑक्टेवियस हाही ट्रिब्यूनच होता. तो आडवा आला तर टायबेरियसने सभेकडून त्याचं पदच काढून घेतलं. मग ती राखण कुठे गेली? तुमचा लाडका माकियावेलीही लिहितो की जमिनीच्या कायद्याच्या भांडणाने प्रजासत्ताक संपलं. त्याचा मित्र ग्विच्चार्दिनी तर म्हणाला, भांडणाचं कौतुक करणं म्हणजे औषध गुणकारी निघालं म्हणून रोग्याच्या रोगाचं कौतुक करणं.

आणि मताचं म्हणाल तर रोममध्ये १९३ सेंच्युऱ्या, म्हणजे एकेक मत असलेले मतदारगट होते, पैकी ९८ घोडेस्वार आणि पहिल्या वर्गाच्या. ज्यांच्याकडे काहीच नाही, त्या सगळ्यांना मिळून एक. तरी साडेचारशे वर्षं चाललंच ना?

गावकूस
वा, माकियावेली उघडलात! आता तेच प्रकरण आणखी थोडं वाचा. तो पुढे म्हणतो, सामान्यांनी लगाम घातला नसता तर बड्यांच्या हावेने रोम याच्या कितीतरी आधी गेलं असतं. ऑक्टेवियसचा मुद्दा बरोबर आहे, देऊन टाकला. घ्या, फ्रेम करा.

निवृत्त_ग्रामसेवक
आयकराचं सोडा, उमेदवार शिकलेला तरी हवा की नको? २०१७ ला ग्रामपंचायतीसाठी सातवी पासची अट आली तेव्हा केवढी बोंबाबोंब! मी अशा सरपंचांच्या हाताखाली काढलेत दिवस. चेकवर सही बाईंची, निर्णय नवऱ्याचा, आणि ऑडिट लागलं की मान माझी.

रानजाई
मान तुमची, आणि टक्केवारी कुणाची हो? माझी आत्या अंगठेबहाद्दर. मेंबर असताना नळाचे पाईप स्वतः मोजायला गेली आणि बिलात लावलेल्यापेक्षा कमी निघाले. ते बिल बी.ए. झालेल्या माणसाने काढलेलं.

निवृत्त_ग्रामसेवक
तुमच्या आत्याला अट लागूच नाही. १ जानेवारी १९९५ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना आहे ती. आधी कायदा वाचत चला.

रानजाई
वाचलाय. माझ्या वहिनीला लागते. सहावीत शाळा सोडवून तिला ऊसतोडीला नेलं, तो तिचा गुन्हा? शाळा कारखान्याने बुडवली, शिक्षा तिला!

आणि कायदाच काढलात तर ग्रामसभेच्या कोरमचं, म्हणजे किमान हजेरीचं बोलू. १५ टक्के मतदार किंवा १००, जे कमी असेल ते. आमच्याकडे दवंडी अशा वेळी देतात की मजूर रानात असतात. कोरम भरत नाही, सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, की मग दहा टाळकी बसून सगळे ठराव मंजूर.

पोकळ_बांबू
रोमहून निघालेली गाडी कोरमवर पोचली. सोसायटीचं पार्किंग कधी येतंय?

सदाशिवकर
म्हणजे माझंच खरं ठरलं. लोकांना सभेला यायचंच नसतं.

गावकूस
रोजंदारी बुडवून या म्हणताय का? अथेन्सने ज्युरीत बसायचे पैसे दिले होते, ते कशासाठी? तुम्ही द्या ना, कर भरता तर.

निवृत्त_ग्रामसेवक
तहकुबीचा प्रकार चालतो, हे मान्य. मीच प्रोसिडिंग लिहिलेत तसे. पण वरून फोन आल्यावर आम्ही काय करणार होतो?

रानजाई
"मी नाही लिहिणार" म्हणायचं होतं.

निवृत्त_ग्रामसेवक
आणि बदली गडचिरोलीला झाली असती तर तुमची आत्या आली असती का सोडवायला?

रानजाई
आली असती. तुम्ही तिला ओळखत नाही.