मदत हवी आहे: पिंक-१ म्युटंट माश्या कंट्रोलइतक्याच चढतायत!!

वैतागलेली_माशी
शुक्रवारी लॅब मीटिंग, गाइडला ग्राफ दाखवायचाय आणि म्युटंट (जीन बिघडलेल्या) नि कंट्रोल (तुलनेच्या धडधाकट) दोन्ही बार सारखेच. फळमाश्या नळीत टाकते, तीनदा आपटते, दहा सेकंदांत आठ सेंमीची रेघ किती जणी ओलांडतात ते मोजते. पार्किन्सन्सशी जोडलेला पिंक-१ जीन नसला की मायटोकॉन्ड्रिया फुगतात, उडायचे स्नायू झिजतात हे २००६ पासून छापलेलं आहे. माझ्या मात्र टणाटण वर जातायत. तीनदा केलं. स्टॉकच (लॅबमध्ये पाळलेला वंशच) खराब असेल का? लवकर सांगा.

खडूस_सीनियर
वय? नर की माद्या? तापमान? कंट्रोल कोणता? बेशुद्ध कशानं केल्या? डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" म्हणालात तर कोणती गोळी देणार तो?

वैतागलेली_माशी
सॉरी. २५ अंश, पाच दिवसांच्या, कंट्रोल डब्ल्यू-१११८, म्हणजे लॅबमधल्या नेहमीच्या पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या. कार्बन डायऑक्साइडवर मोजून भरल्या, अर्ध्या तासानं टेस्ट.

गूळपोळी
खाणं बघा आधी! आमच्याकडे मक्याचं पीठ संपलं म्हणून कुणीतरी रवा घातला, माश्या दोन महिने मरगळलेल्या. यीस्टही ताजं हवं.

खडूस_सीनियर
अहो, खाणं वाईट असतं तर दोन्ही बार खाली आले असते. आणि गॅसनंतर अर्धा तास? आम्ही एक दिवस थांबतो.

पांढरे_डोळे
मुळात कंट्रोलच चुकलाय. डब्ल्यू-१११८ स्वतःच चढायला मठ्ठ असतात. पी-एलिमेंट (उड्या मारणारा डीएनएचा तुकडा) जीनमधून काढताना थोडा जीनही गेला, तो तुमचा बी-९ म्युटंट; तेव्हाच तुकडा नीट निघून जीन शाबूत राहिलेली रिव्हर्टंटही मिळाली होती. ती मागवा.

खडूस_सीनियर
मान्य, पण मठ्ठ कंट्रोलनं म्युटंट टणाटण कशा होतील? नर-मादीचं उत्तर अजून आलेलं नाही.

नवा_सदस्य_पुणे
ही चिलटंच ना? वाटीत व्हिनेगर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. आमच्या केळ्यांवरची दोन दिवसांत गेली.

वैतागलेली_माशी
@नवा_सदस्य मला त्या जगवायच्या आहेत हो!
@खडूस नर-माद्या एकत्रच घेतल्या, बाटलीतून सरळ. त्यानं काय फरक पडतो?

खडूस_सीनियर
सापडलं. पिंक-१ माशीच्या एक्स क्रोमोसोमवर आहे आणि म्युटंट नरांना पिल्लं होत नाहीत. म्हणून स्टॉक एफएम-७ बॅलन्सरवर (चांगला जीन आणि डोळ्यांची खूण असलेल्या खास एक्स क्रोमोसोमवर) चालवतात. त्या बाटलीतल्या माद्यांकडे एक चांगली प्रत असतेच, बॅलन्सरवाल्या नरांकडेही. फार तर चौथाई माश्या खऱ्या म्युटंट! तुम्ही धडधाकट माश्यांची शर्यत लावलीत. मायक्रोस्कोपखाली डोळे बघा. नराचा डोळा चिरेसारखा बारीक असेल तर बॅलन्सर, गोल असेल तर तो तुमचा. मादीचा घेवड्याच्या दाण्यासारखा दिसेल. गोल डोळेवाल्या नरांपैकी काहींचे पंख लोंबतील नाहीतर उभे असतील, छातीवर खळगा दिसेल.

गूळपोळी
तरी रव्याचं मी म्हणतेच.

सांगलीकर
विषय वेगळा, क्षमस्व. बाबांना सत्तरीत पार्किन्सन्स झालाय. हे पिंक-१ वाढवायची गोळी मिळते का?

पांढरे_डोळे
नाही मिळत, दादा. मायटोकॉन्ड्रिया बिघडला की हे प्रथिन त्याच्या बाहेरच्या पटलावर अडकून राहतं आणि पार्किन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला बोलावतं, मग तो भाग निकालात निघतो. धडधाकट असेल तर ते आत ओढलं जातं, कापलं जातं, संपतं. पण पिंक-१ बिघडल्यामुळे होणारा आजार थोड्यांनाच, तोही बहुधा तरुणपणी आणि दोन्ही प्रती बिघडल्या तर. बाबांचं न्यूरॉलॉजिस्टनाच विचारा.

खडूस_सीनियर
ते पार्किनचं माश्यांतच आधी कळलं. पार्किन वाढवलं की पिंक-१ ची माशी सुधारते, पण पार्किन नसलेल्या माशीत पिंक-१ वाढवलं तर ती सुधारत नाही.

वैतागलेली_माशी
आत्ताच बघून आले. ४० पैकी गोल डोळ्यांचे नर ६. सहाच्या सहा तळाशी बसलेत. शुक्रवारपर्यंत १०० नर कुठून आणू??

खडूस_सीनियर
आणखी बाटल्या लावल्यात तरी माशी व्हायला दहा दिवस. मीटिंग पुढे ढकला.

नवा_सदस्य_पुणे
केळी ठेवा ना, येतील.