ह्युबर्ट ओगुंडे यांना ‘नायजेरियन रंगभूमीचे जनक’ म्हणावे का?

रंगपट:
नैर्ऋत्य नायजेरियातील योरुबा समाजाचे नट आणि नाटककार ह्युबर्ट ओगुंडे यांचे नाव आले की ‘नायजेरियन रंगभूमीचे जनक’ हे बिरुद त्यामागे येतेच. काहींना ते अतिशयोक्त वाटते. मला ते पटते, आणि का पटते ते सांगते. ओगुंडे यांचा जन्म १० जुलै १९१६ रोजी इजेबू-ओडे शहराजवळच्या ओसोसा गावी झाला. घरात चर्चचे संगीत होते आणि आजोळी इफाची, म्हणजे योरुबांच्या पारंपरिक शकुनपद्धतीची, पूजाअर्चाही होती. काही काळ शिक्षकी केल्यावर ते पोलीस दलात शिरले. जून १९४४ मध्ये लागोसच्या ग्लोव्हर मेमोरियल हॉलमध्ये चर्चला निधी मिळावा म्हणून त्यांनी ईडनच्या बागेवरचे संगीत नाटक बसवले. लोकांनी ते इतके उचलून धरले की पुढच्याच वर्षी पोलिसाची पक्की नोकरी सोडून त्यांनी पोटापाण्यासाठी नाटकच पत्करले.

त्यानंतर त्यांनी काय लिहिले ते पाहावे. १९४५ मध्ये महागाई भत्त्यासाठी नायजेरियातील कामगारांनी सार्वत्रिक संप केला आणि लगोलग ओगुंडे यांनी ‘संप आणि भूक’ या अर्थाच्या नावाचे नाटक रंगमंचावर आणले. जोस शहरात त्यावर बंदी आली. नोव्हेंबर १९४९ मध्ये एनुगुच्या कोळसा खाणीत पोलिसांनी गोळीबार करून २१ कामगारांचे प्राण घेतले, तेव्हा १९५० मध्ये ‘भाकरी आणि गोळी’ हे नाटक आले, आणि त्याला उत्तरेकडील कानोमध्ये बंदीला तोंड द्यावे लागले. वसाहतीच्या राजवटीत स्वतःच्या कंपनीचा संसार चालवत, गावोगाव दौरे काढत, सरकारला झोंबेल असे नाटक सतत करणारा माणूस त्या देशात त्यांच्याआधी झाला नव्हता. जनक म्हणायला मला एवढे पुरेसे आहे.

जुनी पोथी:
ओगुंडे यांच्या धैर्याविषयी दुमत नाही, पण ‘जनक’ या शब्दाला माझा ठाम विरोध आहे. योरुबा प्रदेशात ‘अलारिंजो’ ही मुखवटेधारी फिरत्या नटांची परंपरा ओगुंडे यांच्या कितीतरी पिढ्या आधीपासून नांदत होती. १८२६ मध्ये क्लॅपर्टन आणि लँडर हे ब्रिटिश प्रवासी ओयो या योरुबा राज्याच्या जुन्या राजधानीत पोचले, तेव्हा राजाने त्यांच्यासमोर असा एक खेळ करवला. त्यात गोणीत शिरून नाचणारे नट होते, अजगराचे सोंग होते आणि शेवटी ‘गोरा सैतान’ अवतरला: अंगाने काटकुळा, मेणासारखा पांढुरका, थंडीने कुडकुडणारा, मधूनच तपकीर ओढणारा. पाहुण्यांच्या तोंडावर पाहुण्यांचीच नक्कल करण्याची हिंमत ज्या रंगभूमीत होती, तिला विसाव्या शतकात कोणी जन्म दिला असे म्हणणे हा त्या नटांवर अन्याय आहे.

दुसरे असे की चर्चमधील गायननाट्येही लागोसमध्ये आधीपासून होत होती. ओगुंडे त्याच वाटेने आले. आणि नाटककार म्हणाल, तर त्यांच्या नाटकांतली गाणी तेवढी नीट बांधलेली असत, संवाद बहुतांशी नटांनी तालमीत आणि प्रयोगात उत्स्फूर्तपणे रचलेले. दुसरे योरुबा नाटककार दुरो लादिपो यांच्या ‘ओबा कोसो’ या नाटकासारखी वाचून पुन्हा उभी करता येईल अशी संहिता त्यांच्या किती नाटकांची आहे?

लागोसकर:
मी नोकरीनिमित्त १९८० च्या दशकात काही वर्षे लागोसमधल्या इकेजाला होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. तोवर ओगुंडे चित्रपटांकडे वळले होते. १९७९ चा ‘आये’ हा चित्रपट मी एका शाळेच्या सभागृहात पाहिला. पडदा म्हणजे भिंतीला ठोकलेली चादर. मागे जनरेटरची घरघर. ओगुंडे त्यात ओसेतुरा नावाच्या बाबालावोच्या, म्हणजे इफाच्या पुजाऱ्याच्या भूमिकेत आहेत, आणि गावावर उठलेल्या चेटकिणींशी त्यांची झुंज चालते. ते पडद्यावर आले आणि मंत्र म्हणू लागले, तसे माझ्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ पुटपुटत त्यांच्याबरोबर तेच शब्द म्हणू लागले. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मांडीवरच्या लेकराचे डोळे पदराने झाकावेत तसे आपल्या डोक्याच्या रुमालाने झाकले.

संहिता कागदावर नव्हती हे खरे. पण त्या वृद्धाला ती पाठ होती. वाचता येणारे पुस्तक नाही म्हणून माणूस नाटककार नाही, हा निकष मौखिक परंपरेला लावणे मला पटत नाही, आणि गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की अलारिंजोची बाजू घेणाऱ्यांनीच तो लावावा. अलारिंजोची तरी कुठली छापील संहिता आहे?

उत्तरा:
त्या चित्रपटाचा उल्लेख झालाच आहे, तर मला सलणारी गोष्ट बोलते. ओगुंडे यांनी १९४६ मध्ये ‘वाघाचे साम्राज्य’ या अर्थाचे नाटक आणले आणि त्यात स्त्रियांना पगारी नटी म्हणून जाहिरातीत स्थान दिले. योरुबा रंगभूमीवर हे पहिल्यांदाच घडले, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण पुढे काय झाले? मुली नाटकात येईनात, आल्या तर लग्न होऊन निघून जात, तेव्हा ओगुंडे यांनी कंपनीतल्या नटींशी स्वतःच लग्ने केली, एक-दोन नव्हे, दहाहून अधिक. ज्या बाईचा मालक, दिग्दर्शक आणि नवरा एकच असेल, तिला मतभेद झाल्यावर कंपनी सोडून दुसरीकडे जाण्याची मुभा किती राहते? आणि त्याच माणसाच्या चित्रपटात गावाचा नाश करणाऱ्या चेटकिणी बाया असाव्यात, त्यांना जिरवणारा तारणहार तो स्वतः असावा, हे मी सहज बाजूला सारू शकत नाही.

रंगपट:
उत्तराताई, तुमचा मुद्दा जड आहे आणि मी तो टाळणार नाही. मात्र तो काळ आणि समाज लक्षात घ्यायला हवा. बहुपत्नीत्व तिथे सर्वमान्य होते; नाटकात काम करणाऱ्या मुलीकडे मात्र लोक वाकड्या नजरेने पाहत. लग्नामुळे त्या मुलीला घरच्यांसमोर आणि गावासमोर मान मिळाला, आणि कंपनीलाही तयार झालेली नटी टिकवता आली. या स्त्रिया नुसत्या नाचगाण्यापुरत्या नव्हत्या. त्यांच्या बळावर कंपनीने दशकानुदशके दौरे केले. यात त्यांची सोय होती तशीच त्यांची अडचणही होती, हे मान्य करते. तरीही ज्या रंगभूमीवर त्यांच्याआधी पगारी स्त्री नव्हती, तिथे ती उभी राहिली, एवढे तरी पदरात टाकाच.

जुनी पोथी यांना मात्र एक विचारते. १९६४ चे ‘योरुबा रोनू’, म्हणजे ‘योरुबांनो, विचार करा’, कुठल्या परंपरेत बसवाल? योरुबांचे राजकीय नेते ओबाफेमी अवोलोवो १९६३ पासून तुरुंगात होते आणि त्यांचेच एके काळचे सहकारी सॅम्युएल अकिंतोला नायजेरियाच्या पश्चिम विभागाचे, म्हणजे योरुबा मुलखाचे, मुख्यमंत्री होते. ओगुंडे यांनी कथा रचली ती आपल्याच राजाला परक्यांच्या हवाली करणाऱ्या दुय्यमाची. नाव कोणाचे घेतले नाही, पण समजायचे त्यांना समजले. विभागीय सरकारने त्यांच्या कंपनीलाच पश्चिम विभागात बंदी घातली. म्हणजे योरुबा कंपनीला योरुबा मुलखातच प्रयोग करता येईना, घर असून उंबरा बंद. त्यावर ओगुंडे यांचे उत्तर काय, तर ‘ओतितो कोरो’, ‘सत्य कडू असते’ या अर्थाचे पुढचे नाटक. १९६६ मध्ये लष्करी राजवट आल्यावरच बंदी उठली. इंग्रजांच्या विरुद्ध लिहिणारे पुष्कळ होते; स्वातंत्र्यानंतर स्वकीयांच्या सरकारपुढे तीच जीभ वापरणारे थोडे.

जुनी पोथी:
ते नाटक धाडसाचे होतेच, परंतु पक्षपाती होते. अवोलोवो आणि अकिंतोला यांच्या अ‍ॅक्शन ग्रुप पक्षातल्या फुटीत दोन्ही बाजूंनी चुका झाल्या होत्या; ओगुंडे यांनी एकाला निष्कलंक राजा आणि दुसऱ्याला गद्दार करून टाकले. विचार करा असे सांगणाऱ्या नाटकाने विचाराला जागा किती ठेवली?

लागोसकर:
जागा प्रेक्षकाने घेतली. त्या नाटकाची गाणी ध्वनिमुद्रिकेवर होती. प्रयोग बंद असले तरी तबकडी घरात वाजवता येत होती, आणि बंदीच्या काळातल्या त्या तबकड्या कापडात गुंडाळून ठेवलेल्या मी स्वतः एका घरात पाहिल्या आहेत. अकिंतोला १९६६ च्या लष्करी उठावात मारले गेले, त्यांचे सरकार गेले, आणि वीस वर्षांनंतरही त्या घरातले म्हातारे लोक प्रत्येक निवडणुकीच्या वेळी ती तबकडी बाहेर काढत.

जुनी पोथी:
तबकडीची गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि ती ऐकून माझा संहितेचा आक्षेप मी मागे घेतो. ‘नायजेरियातील व्यावसायिक नाटक कंपनीचे संस्थापक’ असे लिहिलेत तर मी सही करीन. ‘जनक’ला नाही, ओयोच्या अंगणात तपकीर ओढणारा तो गोरा सैतान माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

उत्तरा:
माझीही सही हवी असेल तर ‘संस्थापक’ या शब्दाचे अनेकवचन करा, आणि त्यात १९४६ च्या त्या पगारी नटींना घ्या.