खड्ड्यातलं पाणी आणि तीन कोटेशनं

सोमवार

वानखेडे ४०१: लिफ्ट परत बंद. आईला दवाखान्यात न्यायचं होतं, चार मजले धरून धरून उतरवलं. लिफ्टवाला म्हणते खड्ड्यात पाणी आहे, ते काढल्याशिवाय चालू करणार नाही. मागच्या मीटिंगमध्ये काय ठरलं होतं कोणी सांगेल का, की फक्त चहा झाला?

सचिव धोटे: वानखेडे साहेब, बेसमेंटच्या गळतीच्या कामाचे कोटेशन मागवायचे ठरलं होतं. तिन्ही आले. शुक्रवारीच पीडीएफ टाकल्या ग्रुपवर, कोणीच उघडून पाहिल्या नाहीत.

मेश्राम सर ४०३: मी उघडली होती एक. २२ पानं. पहिल्याच पानावर धबधबा. मला वाटलं चिखलदऱ्याची ट्रिप आहे, बंद करून टाकली.

अग्रवाल जी दुकान २: भाऊ रेट सांगा ना, बाकी छोडो

सचिव धोटे: अ पार्टी २,८५,०००. ब पार्टी ६,४०,०००. क पार्टी ४,१०,०००. जीएसटी तिघांचाही वेगळा.

वानखेडे ४०१: वेगळा म्हणजे १८ टक्के. क वाला सरळ ४ लाख ८३ हजार ८०० का लिहीत नाही मग? आणि क पार्टी म्हणजे कोण हेही सांगा जरा सगळ्यांना.

रोहित ३०४: काका माझा साळा आहे, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लपवलं कुठे?

वानखेडे ४०१: लपवलं म्हटलं का मी? कोटेशन तूच टाईप करून दिलं, कमिटीतही तूच, एवढंच म्हणून राहिलो.

देशमुख काकू २०३: माझा एकच प्रश्न आहे. अख्खा मे महिना पाऊस नव्हता तरी खड्ड्यात पाणी होतं. ते कुठून आलं?

कुकडे १०१: मृग लागायला आठवडा राहिला, लवकर ठरवा. मागच्या वर्षी माझी गाडी तीन दिवस पाण्यात उभी होती.

भोयर काका १०२: हे पहा मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो, आपल्या इकडे वर काळी माती आणि खाली काळा दगड, उन्हाळ्यात त्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिला जोराचा पाऊस सरळ त्या भेगांतून खाली उतरते, नंतर माती फुगून बसते आणि पाणी भिंतीशी अडकते, खाली दगड आहे जाईल कुठे, आपलं बेसमेंट जवळपास तीन मीटर खोल, पाणी जमिनीपर्यंत भरलं तर भिंतीच्या तळाशी एका चौरस मीटरवर तीन टनाचा दाब येते, तो दाब आतून मारलेल्या रंगाला ढकलून फेकते म्हणून मागच्या वेळचे फुगे आले आणि पापुद्रे निघाले, अ वाल्याने परत तेच लिहिलं आहे, आतून दोन हात कोटिंग आणि दहा वर्षं गॅरंटी.

मेश्राम सर ४०३: मागच्याचीही पाच वर्षं गॅरंटी होती. दुसऱ्या वर्षी फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही.

देशमुख काकू २०३: भोयर भाऊजी हे पावसाळ्याचं झालं. मे महिन्यात पाणी कुठून आलं?

भोयर काका १०२: वहिनी त्यावर येतो

(काका त्यावर त्या दिवशी आले नाहीत)

प्रियंका ५०२: नमस्कार, बोलू का थोडं? मिहानमधल्या कंपनीत माझं कामच हे आहे, व्हेंडरची प्रपोजलं वाचायची आणि शेरा मारायचा. काल रात्री तिन्ही वाचली. ब वाल्याचं सगळ्यात चकचकीत आहे पण त्यात आपल्या बिल्डिंगचा एकही फोटो नाही, म्हणजे माणूस बेसमेंटमध्ये उतरलाच नसावा. अ दीड पानाचं आहे, 'संपूर्ण लिकेज बंद करून देऊ' एवढंच. आणि क, रोहित सॉरी, पण पहिली दोन पानं कंपनीचा इतिहास, तिसऱ्या पानावर २३ सप्टेंबर २०२३ च्या नागपूरच्या पुराचे फोटो आणि 'आपले कुटुंब सुरक्षित आहे का', आणि आपलं बेसमेंट येते थेट नवव्या पानावर. तिथेही 'आपल्या बंगल्याच्या टेरेसचे' असं लिहिलं आहे.

मेश्राम सर ४०३: धोटे साहेब, टेरेस विकली का आपण बंगल्याला?

रोहित ३०४: टेम्प्लेटमधलं राहून गेलं ते

वानखेडे ४०१: त्या रात्री अंबाझरी तलाव वरून वाहला, नाग नदीकाठचे लोक गच्चीवर बसले होते. आपण कुठे, ते कुठे. त्यांचे फोटो लावून आपल्याला भेव दाखवून सही घ्यायची ही काय पद्धत आहे?

रोहित ३०४: भेव नाही काका, प्रपोजलमध्ये गरज दाखवावी लागते. नाही दाखवली तर लोक म्हणतात पुढच्या वर्षी पाहू. आपणच तीन वर्षं हेच करून राहिलो नं?

वानखेडे ४०१: गरज मला आज चार मजले उतरताना दिसली.

अग्रवाल जी दुकान २: एक मिनट. आम्ही दुकानवाले बेसमेंट वापरतच नाही. ग्राहकांच्या गाड्या रोडवर. आमच्याकडून काँट्रिब्यूशन नको.

कुकडे १०१: अग्रवाल जी तुमच्या मालाचे खोके बेसमेंटमध्येच असतात, कालच पाहिले.

अग्रवाल जी दुकान २: वो दो दिन के लिए था

सचिव धोटे: आपली नोंदणी सोसायटीची नाही, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची आहे हे मी दहादा सांगितलं. डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा टक्क्यात लिहिला आहे, सामाईक खर्च त्याच हिशेबाने. दुकानं पण त्यात आली. गाडी लावा नका लावू.

मेश्राम सर ४०३: म्हणजे थ्री बीएचकेवाले जास्त देतील. आनंद वाटला.

वानखेडे ४०१: टू बीएचकेवाल्यांच्या दोन-दोन गाड्या आहेत ते कोणी लिहिलं नाही का डीडमध्ये?

सचिव धोटे: विषय भरकटून राहिला. कृपया कोटेशनवर बोला.

देशमुख काकू २०३: मी कोटेशनवरच बोलून राहिले. तिन्ही कोटेशनमध्ये मे महिन्यातल्या पाण्याबद्दल एक ओळ नाही.

रोहित ३०४: ठीक आहे. प्रियंका ताई, तुम्ही सांगा, काय लिहिलं तर तुम्ही सही कराल? साळ्याला परत लिहायला लावतो. तो काम चांगलं करते, खरंच. लिहिता येत नाही त्याला.

प्रियंका ५०२: मला आधी हे वाचायचं आहे की त्याने इथे येऊन काय पाहिलं. कोणती भिंत, जमिनीपासून किती उंचीपर्यंत ओल, भिंत आणि फ्लोअरच्या सांध्यातून किती मीटर लांबीत येते, रॅम्पच्या बाजूला पांढरे क्षार आलेत ते कशाने. हे लिहिलं की माणूस खाली टॉर्च घेऊन फिरला आहे हे आपोआप कळते, मग 'आम्ही विश्वासार्ह आहोत' असं वेगळं लिहावं लागत नाही. मग उपाय. क मध्ये 'पीयू इंजेक्शन ग्राउटिंग, एकरकमी' आहे, म्हणजे भेगेत पॉलियुरेथेन दाबाने भरायचं. एकरकमी म्हणजे काय? किती पॅकर (ते भरायला भोकात बसवतात त्या नळ्या), किती अंतरावर, किती किलो मटेरियल धरलं, जास्त लागलं तर किलोमागे काय भाव. काम अर्ध्यावर आल्यावर 'साहेब मटेरियल जास्त खाऊन राहिली भिंत' हे वाक्य मला ऐकायचं नाही.

भोयर काका १०२: एकदम बरोबर. पॅकर साधारण फूटभराच्या आत पाहिजेत आणि भोक तिरपं, भेगेला भिंतीच्या मध्यात जाऊन भेटलं पाहिजे, सरळ भोक मारून उपयोग नाही. पीयू पाण्याला लागलं की फुगते. भेग कुठे आहे हे न पाहता टोचत बसला तर नुसता पैसा भिंतीत.

प्रियंका ५०२: हो आणि तिसरं, काय करणार नाही ते. प्लास्टर फोडल्यावर मलबा कोण उचलेल, गाड्या किती दिवस बाहेर, लाईट कोणाच्या मीटरवरून. अ वाल्याने यातलं काहीच लिहिलं नाही म्हणून तो स्वस्त दिसते. आणि गॅरंटी कशाची? मटेरियल खराब न होण्याची की पाणी न येण्याची? दोन्ही वेगळं. नवीन जागेतून पाणी आलं तर कोण येणार, किती दिवसांत येणार, हे लिहा. दहा वर्षं लिहून गायब होण्यापेक्षा तीन वर्षं लिहा आणि दर पावसाळ्यात एक चक्कर मारा.

भोयर काका १०२: १० टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत रोखायची. ५० टक्के ॲडव्हान्स तर विसराच.

रोहित ३०४: काका त्यालाही लेबर आणि मटेरियलचा पैसा टाकावा लागते. ३० तरी द्या.

वानखेडे ४०१: पहा. हे कोण बोलून राहिलं, कमिटी मेंबर की पार्टी?

रोहित ३०४: वानखेडे काका, ज्या दिवशी ठराव होईल त्या दिवशी मी मीटिंगमधून उठून जाईन. लिहून घ्या.

वानखेडे ४०१: घेतलं.

मंगळवार

देशमुख काकू २०३: आमच्याकडे आरओवाला आला होता. त्याच्याजवळ टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं मीटर होतं. मी त्याला खाली नेलं. नळाचं पाणी २१०, लिफ्टच्या खड्ड्यातलं २६०, आपल्या बोअरचं ९४०. फोटो टाकते.

मेश्राम सर ४०३: काकू!!

देशमुख काकू २०३: म्हणून विचारून राहिले होते की मे महिन्यात पाणी कुठून आलं.

भोयर काका १०२: म्हणजे हे जमिनीतलं पाणी नाही, नळाचं आहे. ५० वाढलं ते सिमेंट-मातीतून आलं असेल. खड्ड्याला लागून काय आहे? खालची टाकी. मधली भिंत एकच आहे.

कुकडे १०१: पाण्याचं बिल वाढलं म्हणून मागे भांडण झालं होतं, तुम्ही सगळे माझ्या बगिच्यावर घसरले होते, आठवते का?

सचिव धोटे: कुकडे साहेब बगिच्याचा विषय बंद झाला आहे.

कुकडे १०१: तुमच्यासाठी झाला.

भोयर काका १०२: सोपी टेस्ट आहे. आज रात्री ११ ला टाकी भरली की येणारा व्हॉल्व्ह बंद, वर चढवायचा पंप बंद, टाकीत आतून खडूने रेघ. खड्डा पूर्ण उपसून कोरडा करायचा. सकाळी ६ ला पाहू. गच्चीवरच्या टाक्या आधी भरून घ्या नाहीतर लोक मला शिव्या घालतील.

अग्रवाल जी दुकान २: रात भर पाणी बंद? नोटीस दिली का?

सचिव धोटे: ही नोटीसच आहे.

बुधवार

सचिव धोटे: टाकीतलं पाणी रेघेखाली चार बोटं उतरलं. खड्ड्यात घोट्याएवढं पाणी. टाकीच्या बाजूच्या कोपऱ्यातूनच येते, धार दिसते, व्हिडिओ टाकला. रॅम्पकडची भिंत सध्या कोरडी आहे.

वानखेडे ४०१: म्हणजे इतके महिने आपण नळाचं पाणी विकत घेऊन, खड्ड्यात गाळून, परत पंप लावून रोडवर फेकून राहिलो. आणि त्यावर ६,४०,००० चं कोटेशन.

प्रियंका ५०२: तिघांपैकी एकानेही टाकी पाहिली नाही. मला तर यातच उत्तर मिळालं.

रोहित ३०४: साळा आज दुपारी येऊन गेला, भोयर काका सोबत होते. टाकीत शिडी लावून वाकून पाहिलं त्याने. त्याने मला फोनवर जे सांगितलं ते मी तसंच टाईप केलं, पुराचे फोटो काढले, इतिहास काढला. तीन पानं आहेत. पहिला परिच्छेद इथेच टाकतो:

'आपल्या लिफ्टच्या खड्ड्यात सध्या येणारे पाणी टाकीच्या सामाईक भिंतीतून येत आहे. आमच्या आधीच्या कोटेशनमधील काम केले असते तरी ते थांबले नसते. टाकी रिकामी करून आतून, म्हणजे पाण्याच्या बाजूने, कोटिंग केल्यास दाब कोटिंगला भिंतीवरच दाबून धरेल. हे काम भाग १. रॅम्पकडील भिंतीच्या सांध्याचे इंजेक्शन हा भाग २, तो पहिल्या मोठ्या पावसानंतर गळती प्रत्यक्ष दिसल्यावर जागा मोजून, मीटरच्या दराने. मोजणी आपल्या प्रतिनिधीसमोर. भाग २ लागेलच असे आज सांगता येत नाही.'

मेश्राम सर ४०३: हा माणूस धंदा करेल का पण असं लिहून?

भोयर काका १०२: करेल. मी सही करून राहिलो.

वानखेडे ४०१: भाग १ चे किती?

रोहित ३०४: ७२,००० जीएसटी सकट. मलबा त्याचा. २० टक्के काम सुरू करताना, १० टक्के दिवाळीनंतर.

वानखेडे ४०१: हं. अ आणि ब लाही टाकीचं सांगा, त्यांचेही भाव घ्या. साळा आहे म्हणून एकट्याचं नको.

सचिव धोटे: सांगितलं आहे. ब वाल्याने त्याच २२ पानांत 'टाकी' शब्द घालून परत पाठवलं.

देशमुख काकू २०३: माझा एकच प्रश्न आहे.

मेश्राम सर ४०३: सगळे बसून घ्या.

देशमुख काकू २०३: टाकीत आतून जे लावणार ते पिण्याच्या पाण्याला चालते का? त्याचं सर्टिफिकेट कोटेशनला जोडलं आहे का?

रोहित ३०४: काकू चालते, डब्यावर लिहिलेलं असते

देशमुख काकू २०३: डब्यावर नको. कोटेशनला जोडा.

भोयर काका १०२: आणि कोटिंग मारल्यावर आठवडाभर तरी टाकी भरता येत नाही. आठ दिवस टँकर लागेल. तोही खर्च प्रपोजलमध्ये दिसला पाहिजे, कोणाकडे आहे तो.

कुकडे १०१: ऐन जूनमध्ये टँकर? मिळून राहिला का टँकर?

सचिव धोटे: रविवारी ११ वाजता पार्किंगमध्ये मीटिंग. तिन्ही पार्टींना बोलावलं आहे, ज्याला यायचं तो येईल. टँकरचा खर्चही टक्क्यानुसार विभागला जाईल.

अग्रवाल जी दुकान २: दुकानात टँकरचं पाणी लागत नाही. त्याचं कसं?

सचिव धोटे: अग्रवाल जी, रविवारी या. खोके उचलून या.