मदत हवी आहे: बर्फ हिरवट दिसतोय, टीव्ही बिघडलाय की डिस्कच अशी आहे?

सांजवारा
कृपया लवकर सांगा, परत करायची मुदत संपत आलीये.

सिनेमाच्या विस्तारित (जादा दृश्यांच्या) आवृत्तीची ब्लू-रे घेतली. इतकी वर्षं डीव्हीडीवर भागवलं, म्हटलं आता एकदा नीट बघू. लावली आणि थोड्या वेळात बंद केली. सगळ्या चित्रावर हिरवट-निळसर पापुद्रा धरल्यासारखा दिसतोय. डोंगरावरच्या प्रसंगात तर बर्फसुद्धा हिरवट. बर्फ! चेहऱ्यांवरची सगळी रया गेली आहे. टीव्हीची सगळी सेटिंग्ज करून झाली, फरक शून्य. हा टीव्हीचा दोष की डिस्कचा? डिस्कचा असेल तर त्याऐवजी कुठली घेऊ? फार जीव आहे या सिनेमावर, म्हणून विचारतेय.

कॅथोड_किरण
कुठला सिनेमा? कुठल्या वर्षीची डिस्क? टीव्ही कुठला, पिक्चर मोड कुठला, प्लेअर कुठला? "सगळी सेटिंग्ज" म्हणजे नेमकी कुठली? यातलं काहीच लिहिलं नाहीये, मग सांगायचं कसं?

वायरमन
एचडीएमआय केबल बदलून बघा. माझ्याकडे अगदी असंच झालं होतं, पूर्ण पडदा हिरवा. नवीन केबल लावली आणि सुरळीत. लोक उगाच मोठमोठी कारणं शोधत बसतात.

पडद्यामागे
वायरमन, केबल खराब असेल तर चित्र तुटतं, ठिपके चमकतात, नाहीतर सिग्नलच जातो. "पूर्ण पडदा हिरवा" ही वेगळी भानगड. प्लेअर वायसीबीसीआर (उजेड आणि रंग वेगवेगळे) पाठवतो आणि टीव्ही ते आरजीबी (लाल-हिरवा-निळा) समजून बसतो, तेव्हा सगळं हिरवं-जांभळं होतं आणि ते ओळखू येतंच, शंका राहत नाही. केबल काढून घातल्यावर दोघांची ओळख नव्याने झाली असेल, म्हणून तुमचं जमलं. इथे "हिरवट" म्हटलंय, म्हणजे हलकी छटा. तो रोग वेगळा.

वायरमन
मी अनुभव सांगितला. केबल बदलायला काय हरकत आहे?

सांजवारा
केबल ठीक आहे, त्याच केबलवर बाकीच्या डिस्क छान दिसतात.

कॅथोड_किरण
हे आधी सांगायला हवं होतं! बाकीच्या डिस्क नीट दिसत असतील तर टीव्ही जवळजवळ सुटला. आता सिनेमाचं नाव सांगा.

जुनीरिळं
थोडं वेगळं मत मांडतो. डीव्हीडीचा रंग बरोबर होता, असं आपण कशावरून धरून चाललोय? थिएटरच्या प्रिंटसुद्धा एकसारख्या नसायच्या. प्रयोगशाळेत लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे आकडे बसवून प्रिंट काढायचे, त्यात एखाद्या आकड्याचा फरक पडला तरी छटा बदलायची. वर दिव्याचं वय, पडद्याचा मळ. जुन्या ईस्टमनकलर प्रिंटमधला निळसर-हिरवा म्हणजे सायन रंग सगळ्यात आधी उडतो, म्हणून त्या प्रिंट लालगुलाबी होतात. मी असे कितीतरी सिनेमे गुलाबीच पाहिलेत. टेक्निकलरच्या रंग छापून केलेल्या प्रिंट मात्र अजूनही टवटवीत दिसतात. सांगायचं इतकंच, की डोळ्यांत साठलेला रंग हा पुरावा होत नाही.

निळाई
आठवण पुरावा नाही हे मान्य. पण प्रिंट विटणं वेगळं आणि डिस्क काढताना कुणीतरी मुद्दाम छटा चढवणं वेगळं. पहिलं काळाने केलं, दुसरं माणसाने. एकाचा दाखला देऊन दुसरं माफ करू नका.

सांजवारा
प्रिंटचा इतिहास नंतर वाचेन, आत्ता मुदत डोक्यावर आहे. सिनेमा अर्थातच फेलोशिप ऑफ द रिंग, लॉर्ड ऑफ द रिंग्जचा पहिला भाग. "डोंगरावरचा बर्फ" म्हटल्यावर कळेल असं वाटलं होतं. टीव्ही साधा फुल एचडी, एचडीआर (जास्त उजळ-गडद दाखवणारं चित्र) नाही. मोड "सिनेमा". प्लेअर साधा ब्लू-रे.

पडद्यामागे
आता सगळं लख्ख झालं. डिस्कवर २०११ आहे का बघा. विस्तारित आवृत्ती ब्लू-रेवर पहिल्यांदा आली ती तेव्हाच, आणि पहिल्या भागाची हिरवी-सायन छटा हा त्या संचाबद्दलचा सगळ्यात मोठा ओरडा होता. चित्रपटगृहात दाखवलेली लांबी २०१०च्या ब्लू-रेवर आहे, तिच्याशेजारी ठेवून लोकांनी चौकटीमागून चौकट ताडून पाहिली. टीव्हीला दोष देऊ नका.

सांजवारा
हो, २०११च. पण दुसऱ्या एका ठिकाणी मला सांगितलं की डीव्हीडी आणि एचडीचं रंगांचं गणित वेगळं असतं, म्हणून असं दिसतं. ते खरं आहे का?

पडद्यामागे
गणित वेगळं आहे हे खरं. डीव्हीडी ६०१ मानकावर, एचडी ७०९ वर. एकाचं गणित दुसऱ्याला लावलं तर लाल आणि हिरवे रंग थोडे सरकतात. पण इथेच मेख आहे. या दोन्ही मानकांत करडा रंग म्हणजे "रंगाची माहिती शून्य". गणित चुकलं तरी शून्य ते शून्यच, म्हणून पांढरं पांढरंच राहतं आणि करडं करडंच. गाल थोडे नारिंगी होतील, गवत थोडं पिवळं होईल, पण बर्फाला धक्का लागत नाही. तुमचा बर्फच हिरवा आहे. म्हणजे छटा चित्रात भरलेली आहे.

खात्री करायची असेल तर ती चौकट संगणकावर थांबवून काढा आणि चित्रांच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमधल्या ड्रॉपरने बर्फावर टिचकी मारा. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर बर्फ पांढरा. टीव्हीचा फोटो फोनने काढून इथे टाकू नका, फोन स्वतःच पांढरा रंग दुरुस्त करून टाकतो, मग त्या फोटोवरून काहीच ठरवता येत नाही.

घरचं_थिएटर
या संचाचा ध्वनी मात्र अप्रतिम आहे! डीटीएस-एचडी मास्टर, ६.१. ॲम्प्लिफायरमध्ये मागच्या स्पीकरची पातळी नीट लावलीये ना? खाणीतल्या प्रसंगात खोली हादरली पाहिजे.

कॅथोड_किरण
ध्वनीचं कुणी विचारलंय का?

घरचं_थिएटर
सिनेमा म्हणजे नुसतं चित्र नसतं. ४के संचावर डॉल्बी ॲटमॉस आहे, पण मला जुनाच जास्त आवडतो. त्यावर वेगळा धागा काढतो.

सांजवारा
ड्रॉपर लावून पाहिला. बर्फाच्या उजळ भागात लाल सगळ्यात कमी आणि हिरवा सगळ्यात जास्त. तीन वेगळ्या जागी टिचकी मारली, तिन्हीकडे तेच. जादूगार गॅंडाल्फची दाढी पाहिली, तीसुद्धा करडी नाही, हिरवट. मग त्याच प्रसंगाची डीव्हीडीची चौकट काढली, तिथे बर्फ किंचित निळा आहे, थंडीचा असावा तसा. खरंच फार वाईट वाटलं. ज्यांनी हा सिनेमा इतक्या मायेने बनवला त्यांच्याच नावावर हे विकतात?

दिग्दर्शकाचा_शब्द
जरा थांबा. ही ट्रान्सफर, म्हणजे डिस्कसाठी केलेली प्रत, दिग्दर्शकाच्या मान्यतेने झाल्याचं तेव्हाच सांगण्यात आलं होतं. चित्र त्याचं, रंग त्याचा. त्याला हिरवं हवं असेल तर आपण कोण ठरवणार?

निळाई
तोच दिग्दर्शक २०२० मध्ये ४के आवृत्ती काढताना ती छटा काढून टाकतो. मग कुठला शब्द अखेरचा धरायचा?

दिग्दर्शकाचा_शब्द
अर्थातच २०२०चा. तिन्ही भाग आणि नंतरचे हॉबिटचे भाग एकसारखे दिसावेत, असा त्यामागे विचार होता. त्यात चूक काय?

जुनीरिळं
चूक नाही, पण मग २०२०चा रंगही २००१ मध्ये पडद्यावर दिसलेला नव्हे. तो तिसराच. आणि सिनेमावर एकट्या दिग्दर्शकाचा हक्क असं म्हणत असाल तर फ्रेंच कनेक्शनचं उदाहरण घ्या. २००९च्या ब्लू-रेसाठी त्याचा दिग्दर्शक फ्रीडकिनने स्वतः रंग बदलले, आधी चित्र कृष्णधवल केलं आणि वर गडद केलेला रंग चढवला. ज्याने तो सिनेमा चित्रित केला त्या ओवेन रॉयझमनने उघडपणे सांगितलं की हे भयंकर आहे आणि मला विचारलंही नाही. २०१२ मध्ये नवी ब्लू-रे आली, ती मूळ रूपाच्या कितीतरी जवळ होती. छायालेखकाने सेटवर दिवे लावून, फिल्म निवडून, प्रयोगशाळेत बसून जो रंग घडवला त्याला काहीच किंमत नाही?

दिग्दर्शकाचा_शब्द
छायालेखकही आपलं जुनं काम बदलतात की. छायालेखक स्तोरारोने स्वतःच आपल्या काही सिनेमांची चौकट घरच्या आवृत्त्यांसाठी २:१ करून कडा कापल्या. तेव्हा "छायालेखक म्हणेल ते बरोबर" हाही नियम टिकत नाही.

निळाई
म्हणूनच मी म्हणते की "कुणाचं बरोबर" यावर भांडून काही निष्पन्न होत नाही. बदलायचं तर बदला. कलाकाराला वीस वर्षांनी आपलं काम वेगळं दिसू शकतं, मला ते समजतं. हाँगकाँगचा दिग्दर्शक वॉंग कार-वायच्या जुन्या सिनेमांच्या पुनर्संस्करणातही हेच झालं. काहींचे रंग बदलले, एकाची तर चौकटच रुंद केली, आणि त्याने उघड सांगितलं की आपण बदल केलेत. ते पटो न पटो, निदान लपवलं तरी नाही. माझा राग यावर आहे की नवी आवृत्ती आली की जुनी बाजारातून नाहीशी होते. ज्या रंगात लोकांनी तो सिनेमा पाहिला, ज्यावर प्रेम केलं, तो रंग मग जुन्या डीव्हीडीवर आणि कुणाच्या तरी कपाटातल्या रिळावर उरतो. पाकिटावर स्पीकरचे चॅनेल किती ते छापतात, भाषा किती ते छापतात. "रंग नव्याने केले आहेत, या साली, यांनी" ही एक ओळ छापायला जागा नसते? दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवा, ज्याला जी हवी ती तो घेईल.

जुनीरिळं
अगदी मनातलं. लोक उगाच नाही जुन्या ३५ मिमी प्रिंट शोधून स्वतः स्कॅन करत बसत.

वायरमन
पण हे सगळं होईपर्यंत यांनी पाहायचं काय?

पडद्यामागे
हा मुद्द्याचा प्रश्न. सांजवारा ताई, डिस्क परत करायची नसेल तर एक तोडगा. टीव्हीच्या व्हाइट बॅलन्समध्ये "ग्रीन गेन" असतो. एखादा न वापरातला पिक्चर मोड निवडा, त्यातच बदल करा, नाहीतर बाकीचे सगळे सिनेमे जांभळट दिसतील. बर्फाची चौकट थांबवा आणि हिरवा एकेक पायरी कमी करा, बर्फ हिरवा दिसायचा थांबला की तिथेच सोडा. लाल कमी वाटला तर "रेड गेन" थोडा वर. छटा सिनेमाभर सरसकट चढवल्यासारखी असल्यामुळे ही उलटी दुरुस्ती बऱ्यापैकी लागू पडते. गेन मुख्यतः उजळ भागांवर चालतो, म्हणून सावल्यांतला रंग पूर्ण साफ होणार नाही, हे धरून चाला.

सांजवारा
करून पाहिलं. बर्फ पांढरा झाला! पण हॉबिटन गावाच्या हिरवळीचा जीव गेला, ती आता तपकिरी वाटतेय. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं. मी परतच करते. मग ४के घेऊ का? रंगासाठी चालेल, पण माझा टीव्ही ४के नाही.

कॅथोड_किरण
४के डिस्क साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये चालतच नाही, वेगळा प्लेअर लागतो. आणि तुमच्या टीव्हीला एचडीआर नाही, म्हणजे तो प्लेअर एचडीआरचं साध्या चित्रात रूपांतर करणार. ते रूपांतर प्रत्येक प्लेअर आपापल्या पद्धतीने करतो, कुठे चित्र अंधारं येतं, कुठे फिकं. पुन्हा "माझा टीव्ही बिघडलाय का" असा धागा काढावा लागेल.

निळाई
मी ४के पाहिलीये. बर्फ बर्फासारखा आहे, हिरवळ हिरवी आहे. फक्त फिल्मचे कण बरेच पुसलेत, जवळच्या काही दृश्यांत चेहरे गुळगुळीत दिसतात. मला ते खुपतं, माझ्या भावाला अजिबात नाही. आधी कुठेतरी बघून मग ठरवा.

दिग्दर्शकाचा_शब्द
मला खुपत नाही. सगळे भाग एका दमात पाहिले तर रंगांचा धागा कुठे तुटत नाही, ते सुख वेगळंच.

पडद्यामागे
तुमच्या टीव्हीला आणि प्लेअरला जुळणारा मार्ग आहे. २०२१ मध्ये जो मोठा संग्राहक संच आला, त्यात ४के डिस्कबरोबर साध्या ब्लू-रेही त्याच नव्या मास्टरवरून (रंग नव्याने केलेल्या मूळ प्रतीवरून) केलेल्या आहेत, विस्तारित आवृत्तीच्यासुद्धा. म्हणजे रंग नवा आणि चालणार तुमच्याच प्लेअरमध्ये. घेताना एकच सांभाळा, "विस्तारित ब्लू-रे" एवढंच वाचून घेऊ नका. नवं वेष्टन म्हणजे आतलं चित्र नवं असं नाही. विकणाऱ्याकडून डिस्कवरचं साल आणि "रीमास्टर्ड" हा उल्लेख दोन्ही लेखी मागून घ्या.

सांजवारा
डिस्कवरचं साल की पाकिटावरचं? दोन्ही वेगळं असू शकतं का?

पडद्यामागे
असू शकतं. डिस्कवरचं बघा.

सांजवारा
धन्यवाद. परत पाठवायचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात "चित्राचा रंग सदोष" लिहिलंय आणि दोन्ही चौकटी जोडल्यात, डीव्हीडीची आणि ही. डीव्हीडी मात्र मी कुणाला देणार नाही.