अग्निशमन दलाने आगी विझवाव्यात की जिन्यातली कपाटं मोजत बसावं?

कोपऱ्यावरचा (धागाकर्ता)

'स्पष्टवक्ता' यांनी काल दुसऱ्या धाग्यावर तीन वाक्यांत निकाल लावला: अग्निशमन सप्ताहातली प्रात्यक्षिकं हा देखावा आहे, दलाने आगी विझवाव्यात आणि आम्हाला शिकवू नये, ई-स्कूटरच्या आगी हा पेट्रोलवाल्यांनी उठवलेला बागुलबुवा आहे. तिथे उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

सप्ताह १४ एप्रिललाच का सुरू होतो ते आधी बघा. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. त्या जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. विझवणारा कितीही शूर असला तरी कापसाशेजारी दारूगोळा ठेवणाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही. प्रतिबंध म्हणतात तो हाच.

'बंब उशिरा येतो' हे तुमचं लाडकं वाक्य. मान्य, येतो. पण मुंबईतल्या कमला मिलच्या आगीत २९ डिसेंबर २०१७ ला जे १४ जण गेले, त्यातले बहुतेक स्वच्छतागृहात धुराने गुदमरले. बंबाच्या आधी त्यांना बाहेर पडायची वाट हवी होती. ती मोकळी आहे की नाही हे आग लागायच्या आधी कोणी बघायचं? तुम्ही म्हणता, दलाने नाही. मग कोणी?

आता बॅटरी. लिथियमचा एक सेल आतून तापला की तो शेजारच्याला तापवतो आणि ज्वलनशील, विषारी वायू सोडतो. जिन्याखाली टांगलेलं पावडरचं नळकांडं ज्वाळा दाबेल, पण उष्णता काढून घेणार नाही. भरपूर पाणी मारून पॅक थंड करावा लागतो, आणि विझलेला पॅक काही तासांनी पुन्हा पेटू शकतो. पेट्रोलची टाकी काढून रात्री पलंगाशेजारी भरायला लावणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. बॅटरी मात्र घरोघरी तशीच चार्ज होते. दल एवढंच सांगतंय. त्यात बागुलबुवा कुठला?

---

स्पष्टवक्ता

माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो.

६६ जवानांचा अपमान मी केलेला नाही, ते माझ्या तोंडी घालू नका. माझा मुद्दा साधा आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधाचा कायदा २००६ चा आहे. इमारतीतली यंत्रणा चालू आहे असा फॉर्म बी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, मालकाने द्यायचा. सही लायसन्स्ड एजन्सीची. आमच्याकडे एजन्सीचा मुलगा येतो, पंपाच्या खोलीचा फोटो काढतो आणि जातो. गच्चीवरची टाकी त्याने कधी पाहिली नाही, कारण गच्चीची किल्ली ज्यांच्याकडे असते ते दुपारी झोपलेले असतात. पुढच्या आठवड्यात प्रमाणपत्र हजर. झाला प्रतिबंध!

यात दल कुठे दिसतं? दल दिसतं एप्रिलमध्ये, आवारात पत्र्याच्या ट्रेमध्ये आग लावून ती विझवून दाखवताना. मुलं टाळ्या वाजवतात, अध्यक्ष नारिंगी हेल्मेट घालून फोटो काढून घेतात. याला मी देखावा म्हणतो आणि म्हणत राहणार.

बॅटरीबद्दल: आमच्या सोसायटीने पार्किंगमधलं चार्जिंग बंद केलं. नोटिशीवर लिहिलं 'अग्निशमन दलाच्या सूचनेनुसार'. ती सूचना दाखवा म्हटलं, तर कोणाकडेच नाही. त्याच पार्किंगमध्ये एक मोटरसायकल महिनोन्‌महिने पेट्रोल ठिबकवत उभी आहे, तिला नोटीस नाही. बंदीचा परिणाम काय झाला? लोक आता बॅटऱ्या काढून घरात नेतात. घ्या सुरक्षा.

---

तारतंत्र

मी वायरिंगची कामं घेतो. बॅटरी, पेट्रोल राहू द्या बाजूला. पेपरात प्रत्येक आगीखाली 'शॉर्टसर्किटचा अंदाज' छापतात ते वाचून माझं डोकं फिरतं.

खरं शॉर्टसर्किट झालं तर धड एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) क्षणात पडतो. आग लागते सैल जोडामुळे. सॉकेटमागचा स्क्रू नीट आवळलेला नसतो, तिथे तापतं, प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग करपतं. करंट जास्त नसतो, त्यामुळे एमसीबीला पत्ताच लागत नाही. दुसरे महाभाग म्हणजे 'एसी लावला की एमसीबी पडतो, मोठा टाका' म्हणणारे. १६ ॲम्पियरच्या जागी ३२ चा बसवून घेतात, भिंतीतली तार तीच अडीच स्क्वेअर मिलिमीटरची. आता एमसीबी पडत नाही, तार तापते. मी नाही म्हटलं की दुसरा कोणीतरी बसवून जातो.

दलाने प्रात्यक्षिकात ट्रे पेटवण्याऐवजी असं एक करपलेलं सॉकेट लोकांच्या हातात द्यावं. दुसऱ्या दिवशी निम्मी सोसायटी स्वतःची बटणं तपासेल.

---

नाइलाजाने_सचिव

तारतंत्र, +१. (आमच्या मीटररूमला या एकदा. पैसे मिळतील, सभासदांनी मंजूर केले तर.)

धागाकर्ता सोडला तर दलाची बाजू घेणारा इथे मी एकटाच दिसतो, तेही दलावरच्या प्रेमापोटी नाही. मागच्या वर्षी आमच्याकडे खरोखर तपासणी झाली. अधिकारी मजल्यामजल्यावर चालत गेले. होजबॉक्स (पाण्याच्या नळीच्या पेट्या) उघडले तर तीन मजल्यांवर पितळी नोझल गायब, भंगारात गेलेले. एका मजल्यावरच्या व्हॉल्व्हचं चाक रंगकाम करणाऱ्याने रंगवून चिकटवलेलं. पंप 'ऑटो'वर हवा, तो 'मॅन्युअल'वर, कारण रात्री उगाच चालू होतो अशी पहिल्या मजल्याची तक्रार. आणि या सगळ्यावर एजन्सीचा फॉर्म बी होता, बरं का. तेव्हा स्पष्टवक्ता, तुमचा तेवढा मुद्दा नाकारता येत नाही.

नोटीस आली. नोझल आणले, व्हॉल्व्ह सोडवला. नोटिशीत शेवटी होतं: जिन्यातील सर्व अडथळे हटवावेत. म्हणजे चपलांची कपाटं. नोझलवर कोणी चकार शब्द काढला नव्हता. कपाटांवरून मला व्हॉट्सॲपवर हुकूमशहा ठरवण्यात आलं.

---

रेणुका_ज

ठरवणारच! आमच्या सचिवांनीही हाच पराक्रम केला. कपाट म्हणजे फूटभर खोलीचं, भिंतीला लागून. सासूबाई त्याच्यावर बसून चपला घालतात, गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. जिना चांगला रुंद आहे, शेजारून दोन माणसं आरामात जातात. आग लागली तर कपाट काय आडवं येऊन झोपणार आहे?

बिल्डरने उंबऱ्याच्या आत चप्पल ठेवायला वीतभर जागा ठेवली नाही, त्याच्या नकाशावर सह्या झाल्या, त्याला कोणी नोटीस काढत नाही. आम्ही तेवढे सापडतो.

---

धुरकट

रेणुकाताई, 'आडवं येऊन झोपणार का' याचं उत्तर माझ्याकडे आहे.

आमच्या इमारतीत तळमजल्यावरचा मीटरबोर्ड पेटला. पहाटेची वेळ, वीज गेलेली. ज्वाळा वर आल्याच नाहीत, आला तो धूर. केबल डक्टला (केबल वर नेणाऱ्या पोकळीला) मजल्यांमध्ये अडवणूकच नव्हती, त्यामुळे धूर सरळ चढला, आणि फायर डोअर हवा यावी म्हणून विटेने उघडी ठेवलेली, त्यातून जिन्यात भरला. स्वतःचा हात दिसत नव्हता. सगळे भिंत चाचपत उतरत होते. बाबा एका कपाटाला अडखळून पडले, मागचे त्यांच्या अंगावर. खुब्याचं हाड मोडलं. ते कपाटही फूटभर खोलीचं आणि भिंतीला लागूनच होतं. अंधारात माणूस भिंतीकडेनेच चालतो हो.

---

रेणुका_ज

बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्याच वर्णनात दोष मीटरबोर्डाचा, डक्टचा आणि विटेचा आहे. शिक्षा मात्र कपाटाला. सोपं पडतं ना.

---

नाइलाजाने_सचिव

शिक्षा नाही हो ताई. डक्ट बुजवायला खर्च आहे, तो सर्वसाधारण सभेत अडकतो. कपाट उचलायला सभा लागत नाही.

---

स्पष्टवक्ता

वा! म्हणजे जे फुकट होतं तेवढंच करायचं, आणि त्याला म्हणायचं प्रतिबंध.

---

जुना_बंबवाला

निवृत्त आहे. सहसा वाचतो फक्त.

जिन्याने आम्ही वर जातो तेव्हा तुम्ही खाली येत असता, हे कोणी लक्षातच घेत नाही. पाठीवर बीए सेट (धुरात श्वास घ्यायचा हवेचा सिलिंडर), हातात पाण्याने भरलेला होज. भरलेला होज कोपऱ्यावर वळवायला जागा लागते, तो कपाटात अडकला की मागच्याने खाली येऊन सोडवायचा. त्यात वेळ जातो आणि पाठीवरच्या सिलिंडरमधली हवाही. दोन माणसं शेजारून जातात हा हिशेब उजेडातला आहे.

स्पष्टवक्तांना: प्रात्यक्षिकांचा कंटाळा आम्हालाही यायचा. पण नळकांड्याची पिन न काढता दांडा दाबत बसणारी शिकलेली माणसं खऱ्या आगीत पाहिली आहेत. ट्रेमधली आग अशांसाठी. आणि फॉर्म बीचं तुम्ही म्हणता ते खोटं नाही. तपासायला माणसं पुरत नाहीत, म्हणून कायद्याने सहीचं काम एजन्सीवर सोपवलं. सही विकत मिळते हे सोसायटीला ठाऊक असतं, तरी स्वस्तातला एजन्सीवाला कोण निवडतं? आम्ही?

---

चार्जर

कपाटातून बाहेर या मंडळी. धागा बॅटरीचा होता.

मी ई-स्कूटर वापरतो, त्यामुळे मला पेट्रोलवाल्यांचा दलाल म्हणता येणार नाही. सिकंदराबादला सप्टेंबर २०२२ मध्ये खाली ई-स्कूटरची शोरूम आणि वर लॉज अशा इमारतीत ८ माणसं गेली. धूर जिन्याने वर गेला. (हो, पुन्हा जिनाच.) न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली लिथियम बॅटरीच्या आगींत १८ बळी गेले. तेव्हा धोका नाही असं म्हणू नका.

पण सगळ्या बॅटऱ्या एका मापाने मोजू नका. २०२२ च्या आगींनंतर आपल्याकडे ई-वाहनांच्या बॅटरीसुरक्षेचे एआयएस-१५६ चे नियम कडक झाले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) सेल एनएमसीपेक्षा (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाल्या सेलपेक्षा) जास्त तापमान सोसतात. मला खरी भीती वाटते ती गल्लीत सेल बदलून मिळालेल्या पॅकची, भलत्याच चार्जरची आणि दारापाशी एक्स्टेंशन बोर्डवर रात्रभर लावलेल्या बॅटरीची. ती पेटली तर घरातून बाहेर पडायची एकुलती वाट बंद. सरसकट बंदी घालणारी सोसायटी लोकांना नेमकं तेच करायला लावते. उघड्या जागेत, जिन्यापासून लांब, स्वतंत्र लाइन आणि योग्य एमसीबी टाकून चार्जिंगची जागा द्या.

---

तारतंत्र

स्वतंत्र लाइन, अर्थिंगसह. आणि फुकटात सांगतो, टर्मिनल दरवर्षी आवळा.

---

कोपऱ्यावरचा

चार्जर यांच्याशी सहमत. सरसकट बंदी मलाही नको आहे, आणि दलाच्या नावाने खोटी नोटीस लावणं हा तर निव्वळ चावटपणा. स्पष्टवक्ता, तुमच्या सोसायटीने दलाचं नाव वापरलं, त्याचा राग तुम्ही दलावर काढताय.

---

स्पष्टवक्ता

बरं. पॅक पेटला तर पावडरने विझत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं समजा आणि खूश व्हा. दारापाशी चार्जिंग नको, मान्य. बंबवाले काकांनी होजचं सांगितलं, तेही मान्य, त्यांनी सांगितलं म्हणून. पण एजन्सी आम्ही स्वस्तातली निवडतो, हे दलातल्यांनाही ठाऊक असेल तर खोट्या सहीसाठी एकाचं तरी लायसन्स गेलेलं दाखवा. ते दाखवेपर्यंत माझा 'देखावा' हा शब्द कायम.

---

रेणुका_ज

कपाट हलवते. सासूबाईंसाठी भिंतीला घडीची फळी लावून घेईन, दाराच्या आत. पण सचिवसाहेब, एक विचारते. जिना मोकळा हवा, तर रेफ्युज एरियाही (आगीत लोकांनी थांबायची राखीव जागा) मोकळा हवा ना? तुमच्याकडे तिथे काय आहे?

---

नाइलाजाने_सचिव

सोसायटीच्या खुर्च्या. एका कडेला रचलेल्या आहेत, अडचण होत नाही.

---

रेणुका_ज

भिंतीला लागून का?

---

नाइलाजाने_सचिव

रविवारी सभेपुढे विषय घेतो.