मदत हवी आहे: वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या सल्लागार अ‍ॅक्च्युअरींना एकत्र बसवायचंय, विषय सुचवा (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात सल्लागार अ‍ॅक्च्युअरी म्हणून काम करतो. म्हणजे विमा, पेन्शन, ग्रॅच्युइटी अशा भविष्यातल्या देण्यांचा आज हिशोब मांडणारा. नातेवाइकांच्या लेखी मी विम्याचा एजंट आहे, आणि तो गैरसमज दूर करायचा नाद मी केव्हाच सोडलाय. पोटापाण्याचं काम म्हणजे ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेच्या पगाराचं मूल्यांकन. साखर कारखाने, एक सूतगिरणी, चिंचोळी एमआयडीसीतल्या काही कंपन्या, एक-दोन सहकारी बँका.

आम्ही नऊ जण वर्षातून एकदा भेटतो. दोघं आयुर्विम्यातले, तिघं सर्वसाधारण विम्यातले, एक आरोग्य विम्यातली, आणि आम्ही तिघं ग्रॅच्युइटी-पेन्शनवाले. मुंबई-पुण्याहून हैदराबादला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर सोलापूर मधेच पडतं, म्हणून यंदाचं यजमानपद माझ्या गळ्यात. आषाढीची गर्दी ओसरली की श्रावणातला एक शनिवार ठरवतोय. विषयांची यादीही मीच करायची आहे, आणि तिथेच गाडी अडलीय.

गेल्या वर्षी आम्ही प्रत्येक क्षेत्राला दीड तास वाटून दिला होता. सकाळी इंड एएस ११७ (विमा करारांचं लेखा मानक) चाललं तेव्हा आम्ही तिघं जांभया देत होतो. दुपारी माझी ग्रॅच्युइटी सुरू झाली आणि विमावाले मोबाइलमध्ये शिरले. वहीत सीपीडीचे (व्यावसायिक शिक्षण चालू ठेवल्याचे) तास भरले, डोक्यात काही उतरलं नाही. यंदा असा विषय हवा की नवाच्या नवांना आपापल्या कामातलं काहीतरी पुढ्यात टाकता येईल.

माझ्या मनात आहे ते लिहितो.

सगळ्यात आधी, आकडे हाती येतात त्या याद्या. आमच्याकडे जुन्या कामगारांची जन्मतारीख बघा: १ जून, १ जून, १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी लावून दिलेली. एका कारखान्याच्या यादीत असे इतके निघाले की दरवर्षी निवृत्तीचा बराचसा खर्च ३१ मेवरच येऊन बसत होता. कागदावर तीच तारीख कायदेशीर, तेव्हा निवृत्ती त्याच दिवशी धरावी लागते. पण मृत्युदर लावायला वापरतो ते वयही तेच, आणि ते खरं असेलच असं नाही. आयुर्विम्यातल्यांनाही वयाच्या पुराव्याचा हाच त्रास असणार, आरोग्यवालीलाही. आणि एक माझी स्वतःची चूक सांगून टाकतो. हंगामी आस्थापनेत जो वर्षभर कामावर नसतो त्याला ग्रॅच्युइटी म्हणून दर हंगामामागे ७ दिवसांचा पगार, आणि कायम कामगाराला दर वर्षामागे १५ दिवसांचा. एका वर्षी कायम आणि हंगामी एकाच शीटमध्ये आले, ‘प्रकार’ नावाचा रकाना लपवलेला होता, आणि मी सगळ्यांना १५ दिवस लावले. दायित्व भलतंच फुगलं. मुख्य लेखापालांनी फोन केला, "साहेब, हे जरा जास्तच झालं की ओ." बरं झालं, अहवालावर सही व्हायच्या आधी केला.

दुसरं, वेतनाची नवी व्याख्या. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असले तर वरचा भाग वेतनात धरायचा. समजा कुणाला महिना ४०,००० मिळतात आणि मूळ पगार १४,००० आहे, बाकी सगळे भत्ते. वेतन आता २०,००० धरावं लागेल. २० वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी १५/२६ च्या हिशोबाने (महिन्याचे २६ दिवस धरून दर वर्षामागे १५ दिवसांचं वेतन) आधी १,६१,५३८ रुपये होती, ती २,३०,७६९ होते. मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी, तो भार आणखी वेगळा. इंड एएस १९ (कर्मचारी लाभांचं लेखा मानक) वाल्या कंपनीत मागील सेवेचा हा वाढीव खर्च त्याच वर्षी नफा-तोट्यात जातो. एएस १५ (त्याच विषयाचं जुनं मानक) मध्ये ग्रॅच्युइटीचा हक्क अजून पक्का न झालेल्यांचा भाग पुढच्या वर्षांवर पसरता येतो. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन कारखान्यांचे ताळेबंद अगदी वेगळे दिसतील. पण यात विमावाल्यांना काय? कामगार नुकसानभरपाईच्या पॉलिसीचा हप्ता वेतनावर ठरतो, एवढंच मला सुचलं.

तिसरं, भविष्यातल्या देण्याचं आजचं मूल्य. माझ्याकडे व्याजदर सरकारी रोख्यांचा, गृहीतकं सर्वोत्तम अंदाजाची, जोखमीसाठी जादा उशी नाही. इंड एएस ११७ मध्ये जोखमीसाठी वेगळी रक्कम दाखवायची. सर्वसाधारण विम्यात आजवर बहुतेक दाव्यांच्या तरतुदीचं वर्तमान मूल्यच काढत नसत. वचन पाळायचं ते पाळायचं, मग हिशोब तीन तऱ्हेचे का? मला हा विषय फार आवडतो, पण दोन तास फक्त भांडण होईल अशी भीती वाटते.

चौथं, ऊन आणि पाऊस. सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागांना हवामानावर आधारित विमा असतो. भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर, बागेतल्या नुकसानीवर नाही. पाऊस बागेत कोसळतो आणि मापक कोरडा राहतो, किंवा उलट. शेतकऱ्याला हे समजावणं म्हणजे दिव्य असतं. सर्वसाधारणवाल्यांना हे रोजचं, पण बाकीच्यांनी ऐकावं असं वाटतं.

पायथन, मशीन लर्निंग वगैरे मुद्दाम घेतलं नाही. त्याचे वेबिनार दर आठवड्याला फुकट मिळतात.

यातलं काय ठेवू, काय काढू? आणि एका दिवसात किती झेपेल?

प्रतिसाद १
चारही विषय चांगले आहेत आणि चारही घेतलेत तर गेल्या वर्षीचीच गत होईल. विषय वाटू नका, एक कारखाना वाटा. काल्पनिक साखर कारखाना घ्या: ४०० कायम, ५०० हंगामी, शिवाय तोडणी-वाहतुकीची माणसं. ग्रॅच्युइटी तुम्ही काढा, समूह मुदत विमा आयुर्विम्यातले काढतील, मेडिक्लेमचा हप्ता आरोग्यवाली, आणि अपघात व कामगार भरपाई सर्वसाधारणवाले. यादी सगळ्यांना एकच द्या, तुमच्या १ जूनसकट. कोण काय गृहीत धरतं ते शेजारी शेजारी मांडलं की वाद आपोआप पेटेल.

प्रतिसाद २
पहिल्या प्रतिसादाला +१. दादा, तुम्ही पगारवाढीच्या दराबद्दल लिहिलंच नाही. साखर कारखान्यात वाढ दरवर्षी सारखी होत नाही, त्रिपक्षीय (कारखाने, कामगार संघटना, सरकार) करार झाला की एकदम उडी मारते. तुम्ही सपाट टक्का लावता का पायऱ्या? आणि "वाढीचा दर जरा कमी धरा" असं अशील म्हणतो तेव्हा काय करता? गृहीतकं कंपनीची स्वतःची असतात हे लेखा मानक सांगतं, पण ती पक्षपाती नसावीत हेही तेच सांगतं. खरी चर्चा यावर व्हावी. आमच्याकडे दाव्यांच्या तरतुदीबाबत असाच आग्रह होतो, फक्त आग्रह करणाऱ्याचा सूट महाग असतो.

प्रतिसाद ३
सीपीडीत हे तास धरायचे असतील तर उपस्थिती, विषयपत्रिका आणि कोण काय शिकलं याच्या दोन ओळी त्याच दिवशी लिहून ठेवा. मित्रमंडळींची बैठक कुठल्या प्रकारात मोडते ते आपल्या व्यावसायिक संस्थेच्या चालू नियमात बघून घ्या. नंतर आठवून लिहायला बसलं की सगळं सारखंच वाटतं, स्वानुभव.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. कारखान्याची कल्पना घेतोय. यादी आजच करायला बसलो: ९०० ओळी, १३० जणांची जन्मतारीख १ जून, आणि ‘प्रकार’ रकाना मुद्दाम लपवलेला. कुणी ओरडतं का बघू.

सपाट टक्का का पायऱ्या? खरं सांगतो, सपाटच लावतो आणि कराराच्या वर्षी तोटा झाला की "अनुभवजन्य फरक" (अंदाज आणि प्रत्यक्ष यातलं अंतर) म्हणून दाखवतो. तुमच्या प्रश्नाने दोन दिवस झोप उडवलीय. दुपारचं सत्र त्याचंच ठेवलं, अशिलाच्या आग्रहासकट. वेतनाची व्याख्या कारखान्याच्या ग्रॅच्युइटीतच येऊन जाईल. डाळिंब आणि वर्तमान मूल्याचं भांडण पुढच्या वर्षी पुण्यावर ढकललंय.

आता एकच शंका उरली. नऊपैकी चार जण तिखट खात नाहीत म्हणतात. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी सोडून त्यांना सोलापुरात काय खायला घालू?