मदत हवी आहे: टेकडीखालच्या शेतात ले-आउट पडतोय, रस्ता झुडपी जंगलातून काढलाय. हरकत कुठे घ्यायची?

चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव. उगवतीला टेकडी, पायथ्याशी मामा (माजी मालगुजारी) तलाव, पाळीवर मोहाची जुनी झाडं. टेकडीच्या कुशीतलं साडेचार हेक्टरचं शेत बाहेरच्या माणसाने घेतलं. आता तिथे चुन्याच्या रेषा पडल्यात, 'प्लॉट विकणे आहे' असा बोर्ड लागलाय आणि जेसीबीने टेकडीची कड कापून तोच मुरूम रस्त्यावर अंथरलाय.

शेताचा सातबारा भोगवटादार वर्ग 1 आहे, म्हणजे जमीन विकायला मालक मोकळा. रस्ता ज्या गटातून काढलाय, त्याच्या सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' लिहिलंय. अकृषक (बिगरशेती) आदेश झालाय असं तोंडी सांगतात, कागद कोणी दाखवत नाही. चारशेवर सह्यांचं निवेदन तहसीलमध्ये दिलंय. टेकडी आणि तलाव वाचवायचा असेल तर पुढे काय करावं?

पांदणरस्ता:
भाऊ, निवेदनाने मुदत थांबत नाही, हे आधी लक्षात घ्या. अकृषक आदेश तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांचा असेल तर जमीन महसूल अधिनियम 1966 प्रमाणे अपिलाला 60 दिवस मिळतात, जिल्हाधिकाऱ्यांचा असेल तर 90. म्हणून उद्याच आदेशाच्या प्रमाणित नकलेचा अर्ज टाका. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, पण ते सिद्ध होतात नकलेवरच्या शिक्क्यांवरून: अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. हे शिक्के नसलेली झेरॉक्स घेऊन परत येऊ नका. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज वेगळा जोडा. तो राहिला तर अपील चालू असतानाच प्लॉट विकले जातात.

आता मुख्य मुद्दा. वर्ग 1 चं खाजगी शेत तुम्ही फक्त देखणं आहे म्हणून रोखू शकणार नाही. तुमची पकड आहे ती रस्त्यावर. पोचरस्त्याशिवाय ले-आउट उभा राहत नाही, आणि इथला रस्ता झुडपी जंगलातून गेलाय. 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतली झुडपी जंगलं वनच आहेत असं म्हटलंय. त्यामुळे वन संवर्धनाच्या 1980 च्या कायद्याखाली केंद्राची पूर्वपरवानगी नसेल, तर त्या गटातून ले-आउटला रस्ता देण्याचा अधिकार तहसीललाही नाही. उपवनसंरक्षकांकडे लेखी तक्रार करा, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. गट क्रमांक, रस्त्याची लांबी-रुंदी आणि तारीख दिसणारे फोटो जोडा. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

सातबाऱ्यावर थांबू नका. बंदोबस्ताचा (जुन्या जमीन-आकारणीचा) नकाशा, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या वहिवाटींची नोंद) या तिन्हींच्या नकला काढा. गुरं कुठे चरायची, जळतण कुठून आणायचं, पांदण कुठून जाते हे निस्तार पत्रकात असतं. पुष्कळदा सातबाऱ्यावरून पुसलेली पांदण तिथे सापडते.

गावनकाशा:
वरचं सगळं बरोबर. मुरमाची तक्रार मात्र वेगळी द्या, एकाच अर्जात कोंबू नका. वन, महसूल, तलाव असे सगळे विषय एका कागदावर आले की तो कागद टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

खड्डा टेपने मोजा. समजा 60 फूट लांब, 20 फूट रुंद आणि सरासरी 5 फूट खोल आहे, म्हणजे 6000 घनफूट. 100 घनफुटांचा एक ब्रास, म्हणून 60 ब्रास. हा आकडा अर्जात लिहा आणि पंचनामा मागा. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 48(7) खाली विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. नुसतं 'टेकडी पोखरली' लिहिलं तर पंचनाम्यात 'किरकोळ सपाटीकरण' येतं. मोजणी पाऊस पडायच्या आत करा, नंतर कडा ढासळून खोली चुकते.

उताराचंही बघा. प्रादेशिक योजना लागू असलेल्या भागात 1:5 पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम चालत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा नकाशा घ्या. दोन समोच्च (सारखी उंची दाखवणाऱ्या) रेषांमध्ये 20 मीटर उंचीचा फरक असेल आणि त्या 2 मिलिमीटरपेक्षा जवळ असतील, तर उतार 1:5 च्या वर गेला. तुमच्या गावाला योजना लागू आहे का, हे नगररचना कार्यालयात माहितीच्या अधिकारात विचारा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.

धागाकर्ता:
खूप आभार. ग्रामसभेचा ठराव घ्यायचा तर कसा लिहावा? आणि पाणथळ जागांच्या नियमांत तलाव बसेल का?

पांदणरस्ता:
ठरावाचा विषय नोटिशीतच छापून घ्या, ऐनवेळच्या विषयात घेतलेल्या ठरावावर लगेच आक्षेप येतो. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल तेवढी संख्या लागते. हजेरीच्या सह्या सभेतच घ्या, घरोघरी फिरून नको. मजकुरात 'निसर्गसौंदर्य धोक्यात' एवढंच लिहून भागत नाही. गट क्रमांक, क्षेत्र, तिथला निस्तार, मोहफुलं वेचण्याची वहिवाट, तलावाचा येवा (आत येणारं पाणी) कोणत्या नाल्यातून येतो, हे सगळं ठरावात येऊ द्या. जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत टेकडीची नोंद नसेल तर तीही करून घ्या.

पाणथळीच्या 2017 च्या नियमांवर फार विसंबू नका. सिंचनासाठी बांधलेले जलसाठे त्या व्याख्येतून वगळलेत आणि मामा तलाव सिंचनाचाच. त्यापेक्षा येव्याचा नाला बघा. ले-आउटवाले पहिला घाला तिथेच घालतात, मुरूम टाकून नाला बुजवला की वर दोन-तीन प्लॉट वाढतात. नाला गावनकाशावर दाखवलेला असेल तर भूमी अभिलेखकडून त्याची मोजणी मागवा. तलाव जिल्हा परिषदेकडे असेल तर त्यांच्या लघुसिंचन विभागाला सांडव्याचे आणि नाल्याचे फोटो द्या. पाळीवरचे मोह तोडायला कोणी आलं तर परवानगीचा कागद मागा. 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत मोह आहे.

आधी नकलेचा अर्ज. बाकीचं आठवड्याभरात होईल.